पाठीवरचं नाव

ऑटलीच्या रग्बी मैदानावर, सकाळी साडेसहाला,
हेझल नावाच्या बाईनं मला चौकोनी कापड दिलं,
चार सेफ्टी पिना, एक जाड निळं पेन.
कापडावर छापलेलं : आजची रपेट यांच्यासाठी –
आणि खाली रिकामी जागा.
मी पेन घेऊन तशीच उभी.
मागे रांग.

आमच्याकडे त्या आजाराचंच नाव कुणी घेतलं नाही.
'तिला बरं नसतं.' 'ते दुखणं.'
'मिरजेला नेऊन आणलं.'
आई फोनवर आवाज खाली करायची
घरात तिसरं कुणी नसतानाही.

आणि तिचं तरी नाव कोणतं लिहू?
माहेरची चंपू.
सासरी, ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं
सुलक्षणा –
या नावानं दोनदा हाक मारल्याशिवाय
तिला ऐकूच जायचं नाही.
केसपेपरवर तर तिसरंच काही.
मी लिहिलं : मावशी.
वरची रेघ जरा चढावर गेली.

रात्री नागपूरहून दादाचा मेसेज :
तू पेडल मारून कॅन्सर कसा बरा होणार गं?
पहाटे देणग्यांच्या यादीत एक निनावी आकडा,
एक्कावन्न पौंड.
वरचा एक सुटा पौंड बघितला
आणि कळलं कोण ते.

पेटली ब्रिज गाव संपतं तिथं
रस्ता सरळ उभाच राहतो.
दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती,
भिंतीपलीकडे मेंढ्या,
ढुंगणावर निळा रंग फासलेल्या, निवांत.
मला सायकल मावशीनं शिकवली,
तासाला आठ आणे भाड्याची, पुरुषी, उंच नळीची.
तिला स्वतःला येत नव्हती
त्यामुळे सूचना भरपूर :
ब्रेक दाब, घंटी वाजव, पुढं बघ, रामराम म्हण,
सगळं एकदमच.

तिसऱ्या वळणावर बॅरी मागून आला.
जांभळी टाइट्स, सत्तरी तरी नक्की.
'पाठीवर काय आहे, लव्ह? चित्र?'
नाव आहे.
'कसं म्हणायचं?'
मा. व. शी.
एका पेडलला एक अक्षर. त्यालाही जमलं तसंच.
'म्हणजे कोण?'
आंटी म्हटलं असतं
तर काकू, आत्या, मामी आणि वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई,
सगळ्याच डबलसीट बसल्या असत्या.
तेवढा दम कुठला.
म्हटलं, आईची बहीण. आमच्याकडे म्हणतात,
माय मरो, पण मावशी जगो.
त्याला अर्थ सांगितला, धापा टाकत, तुकड्यातुकड्यानं.
तो काही वेळ गप्प.
'मग?'
मग काय. आई आहे. त्र्याऐंशी.
गुडघे सोडले तर ठणठणीत.
ती म्हण तेवढी आता म्हणत नाही.

पुढं मी उतरले.
खोटं कशाला सांगू, पाऊण मैल सायकल ढकलत नेली.
बॅरी पुढं गेला, हळूच, नागमोडी,
तेव्हा त्याची पाठ पहिल्यांदा वाचली :
लिन.
खाली केन.
खाली डॅड.
आणि कापडाच्या अगदी कडेला,
जागा उरली होती म्हणून लिहिल्यासारखं,
बारीक अक्षरात : आणि मी.

माथ्यावर वारा असा की उभं राहवेना.
भिंतीच्या आडोशाला बसून आईला फोन लावला.
'कुठं आहेस? धाप का लागलीय?'
सायकल चालवतेय आई. कॅन्सरसाठी. पैसे जमवायला.
'हळू बोल.'
अगं इथं मेंढ्या आहेत फक्त.
'तरी.'

वाऱ्याची खरखर.
मला वाटलं लाईन गेली.

'चंपूसाठी ना?'
हो.
'तिला कुठं येत होती सायकल,' आई म्हणाली,
मोठ्यानं, अगदी नेहमीच्या आवाजात,
'दोनदा पडली गटारात. तुला नाही सांगितलं कधी.
पोटात काही आहे का तुझ्या? खाऊन घे आधी.'